आत्याचा डावा हात

आत्याचा डावा हात कोणी कधी धरायचा, याचा तक्ता काचेच्या कारखान्यात घड्याळाखाली लटकत होता. सकाळी थोरला, दुपारी वहिनी, संध्याकाळी मधली, आणि रविवारी जो भांडणात जिंकेल तो. पाच महिन्यांपूर्वी आत्याला स्ट्रोकचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. पाय हळूहळू माघारी आला, हात मात्र आला नाही. तो कोपरात दुमडून, रुसलेल्या पाहुण्यासारखा छातीशी बसून राहिला. तेव्हापासून जो हात धरेल तो आत्याचा खरा माणूस, असं घरात न बोलता ठरून गेलं होतं. मधलीने आजवर चौदा रविवार जिंकले होते. हे ती कोणाला सांगत नसे, फक्त मोजत असे.

आत्या म्हणजे या भावंडांच्या वडिलांची बहीण. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, तेव्हा आत्याने तीन पोरं आणि एक कारखाना एकदमच अंगावर घेतला आणि चाळीस वर्षं दोन्हींना एकाच पद्धतीने वागवलं. कडा घासून गुळगुळीत करायच्या आणि सरळ उभं करून ठेवायचं.

"आज लॅबने आत्याला सरावाला घेतलं तर टेबल राहील," थोरल्याने गाडी सुरू करताना पुन्हा एकदा सांगितलं. "नाही घेतलं तर सोमवारी निघेल. नंतर कोणी तोंड पाडायचं नाही."

"तोंड कोण पाडतंय?" मधली मागच्या सीटवरून म्हणाली. तिने आत्याचा हात धरला होता.

टेबल म्हणजे काच कापायचं टेबल. ते कारखान्याच्या पार टोकाला होतं. तिथे जायला दोन्ही बाजूंना उभ्या करून ठेवलेल्या काचांमधून एकोणीस पावलांची गल्ली होती, आणि त्या गल्लीतून एका वेळी एकच माणूस जाऊ शकत होता. चाकाची खुर्ची तिसऱ्या पावलाला अडकली. हात धरून दोघांनी जायचं म्हटलं तर एकाला काच व्हावं लागलं असतं. पाच महिने आत्या रोज दारापर्यंत येत होती, लांबून टेबल बघत होती आणि परत जात होती. थोरल्याला ते टेबल काढून तिथे तयार आरशांचं शोरूम करायचं होतं. खरं सांगायचं तर आत्याला असं दारात उभं राहिलेलं त्याला बघवत नव्हतं, पण त्याने कारण शोरूमचं सांगितलं, कारण ते जास्त पुरुषी वाटत होतं. वहिनी कालच्या जेवणाला बसताना नवऱ्याच्या बाजूने होती, ताटं उचलेपर्यंत नणंदेच्या बाजूला सरकली होती आणि आज सकाळी गाडीत बसताना तटस्थ झाली होती.

 आत्या बाहेरच्या इमारतींच्या खिडक्या बघत होती. कुठल्या काचा आपण बसवल्या आणि कुठल्या इतरांनी, एवढं तिला एका नजरेत कळायचं. इतरांनी बसवलेल्या काचांकडे बघून ती नाक मुरडत होती.

चालण्याची लॅब म्हणजे एक लांबलचक खोली निघाली. गुळगुळीत लाकडी जमीन, तिच्यावर पिवळ्या पट्ट्या, छताला एक रूळ आणि रुळावरून लोंबणारा सुरक्षेचा पट्टा. भिंतीला टेकून संगणकाचे चार पडदे होते आणि त्यांच्यासमोर एक बाई उभी होती. पायात धावायचे बूट, केसांत खोचलेली पेन्सिल. डॉक्टर होती, पण औषधं देत नव्हती. लोकांना तारांची टोपी घालून चालायला लावत होती. घरात फोनवरच्या बोलण्यातच तिचं नाव टोपीवाली पडलं होतं.

"आजी, आता थोडं गार लागेल हं," टोपीच्या भोकांमधून डोक्यावर जेल सोडत ती म्हणाली.

"आजी कोणाची?" आत्याने विचारलं. झटक्यानंतर तिचे शब्द सावकाश यायचे, पण धार लावून यायचे. "मला सगळे आत्या म्हणतात. माझ्याहून मोठेसुद्धा."

"बरं, आत्या."

"आरसा आहे का इथे?"

"नाही."

"एक लावून घ्या. या भिंतीवर पाच बाय चार बसेल. मी कापून देईन."

थोरला खोकला. आत्याने पाच महिन्यांत काच कापायचा हिरा हातात धरला नव्हता.

टोपीवालीने आत्याच्या दोन्ही खांद्यांवर आणि पोटऱ्यांवर गोल चकत्या चिकटवल्या आणि भराभर समजावून सांगितलं. माणूस चालतो तेव्हा हात नुसते लोंबत नाहीत. पायांबरोबर मेंदू हातांनाही हुकूम सोडत असतो. झटक्यानंतर तो हुकूम निघतो का, निघाला तर वाटेत कुठे हरवतो, हे तिला बघायचं होतं. टोपीतून मेंदूची रेष येणार, चकत्यांमधून स्नायूंची. पावलाच्या तालात दोन्ही रेषा एकत्र उठल्या, तर समजायचं की रस्ता अजून शिल्लक आहे.

"आणि रस्ता शिल्लक असला की हात बरा होतो?" मधलीने विचारलं.

"ते आम्हालाही अजून नीट माहीत नाही. म्हणून तर टोप्या घालतोय. पण ज्यांचा रस्ता थोडासा तरी उघडा आहे, त्यांनाच दहा आठवड्यांच्या सरावाला घेतोय. बारा जणांची जागा आहे, अकरा झालेत."

"एकच उरलीय," थोरल्याने घरच्यांना भाषांतर करून सांगितलं.

"बारा वाजता यादीतले पुढचे येणार आहेत. सुरू करू या. आणि हो, हात कोणी धरायचा नाही."

मधलीने पकड घट्ट केली. "पडेल ती."

"वर पट्टा आहे ना."

मधलीने हात सोडला. म्हणजे बोटं सोडली. आपला तळहात मात्र तिने आत्याच्या कोपराखाली वीतभर अंतरावर तसाच ठेवला. स्पर्श होत नव्हता, तेव्हा नियम तिच्या मते पाळला जात होता.

आत्या चालली. बारा मीटर गेली, वळली, परत आली. पाय चांगले पडत होते. डावा जरा फरफटायचा, पण यायचा. मधली तिच्याबरोबर तळहात पुढे करून, उकळत्या दुधावर नजर ठेवावी तशी चालली होती. टोपीवाली पडद्याकडे बघत होती. डाव्या खांद्याची रेष सपाट होती, तशी ती असणारच होती. उजव्या खांद्याचीही रेष सपाट होती. टोपीवालीने उजवी चकती काढून पुन्हा चिकटवली. आत्या पुन्हा चालली. पुन्हा सपाट.

"आत्या, उजवा हात दुखतो का?"

"नाही."

"जड वाटतो?"

"त्या हाताने मी जेवते, केस विंचरते आणि याला फटका मारते," आत्याने थोरल्याकडे हनुवटी केली.

"मग तो हलत का नाही?"

 थोरला खुर्चीवर बसला. "म्हणजे दोन्ही बाजूंना झटका?" त्याचा आवाज चिरकला. शोरूम वगैरे सगळं त्याच्या चेहऱ्यावरून उतरलं आणि तिथे सहा वर्षांचा मुलगा उरला. मधलीच्या ते लक्षात आलं आणि गेल्या महिनाभरात पहिल्यांदाच तिला त्याचा राग आला नाही.

"घाबरू नका. यंत्राचा दोष असू शकतो," टोपीवाली म्हणाली. "ताई, तुम्ही चालून दाखवा. तुम्ही धडधाकट आहात."

मधलीला चकत्या लागल्या. ती चालली. रेष सपाट.

"दादा, तुम्ही."

थोरला छाती काढून चालला. रेष सपाट.

वहिनी चालली. वळताना एक बारीकसं टेंगूळ उठलं आणि लाजल्यासारखं लगेच बसलं.

टोपीवालीने स्वतःच्या खांद्याला चकती लावली आणि खोलीभर एक फेरी मारली. पडद्यावर डोंगरामागून डोंगर उठले. तिने केसांतली पेन्सिल काढली, पुन्हा खोचली. "तुम्ही सगळे... असेच चालता?"

"असेच म्हणजे कसे?" थोरल्याने विचारलं.

"हात न हलवता!"

चौघांनीही खाली आपापल्या हातांकडे बघितलं. आत्याचा डावा सोडला तर बाकीचे सगळे कपड्यांच्या शिवणीला चिकटवून ठेवल्यासारखे जागच्या जागी होते. आपल्या चालण्याला काही वेगळं नाव असू शकतं, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"काचेचं काम आहे आमचं," थोरला जरा ताठ होत म्हणाला. "काच नेताना हात हलून चालत नाही. आम्हाला सहाव्या वर्षापासून दोन्ही काखांत काचेची एकेक पट्टी देऊन अंगणात चालवायची आत्या. पट्टी पडली की पुन्हा पहिल्यापासून. वर्षभराने पट्ट्या काढल्या, पण हात तिथेच राहिले."

"आणि वहिनी?"

"मी लग्न होऊन आले तेव्हा हलवायचे हो," वहिनी म्हणाली. "पहिल्या महिन्यातच थांबले."

"तुम्हालाही पट्ट्या दिल्या?"

"नाही. आत्याबाई नुसत्या बघायच्या."

टोपीवालीला आनंद आवरेना. "हे मी कुठेच वाचलेलं नाही! सबंध घर! तुम्हा सगळ्यांची एकदा नीट नोंद करून घ्यायला हवी!" तिने दोन पानं भरून लिहिलं. मग तिची पेन्सिल थांबली. "पण मग... आत्यांना मला घेता येणार नाही."

"का?" मधली ओरडलीच.

"डावा हात झटक्यामुळे हलत नाही की सवयीमुळे, हे मला कसं कळणार? चांगला हात हलला तर त्याच्याशी ताडून बघता येतं. इथे तर दोन्हीकडे कोरा कागद आहे."

घड्याळात दहा पन्नास झाले होते.

पुढची दहा मिनिटं त्या घराच्या इतिहासात कोणी लिहून ठेवू नयेत अशी गेली. "आत्या, हात हलव," सगळे एका सुरात म्हणत होते. आत्याने प्रयत्न केला. उजवा पाय टाकला की उजवाच हात पुढे येई, चावी दिलेल्या खेळण्यासारखा. हाताकडे लक्ष दिलं की पाय थांबत, पायाकडे दिलं की हात. थोरला "एक, दोन, एक, दोन" म्हणू लागला. तो स्वतःच चुकला. वहिनीने करून दाखवायला घेतलं आणि तिचाही हात-पाय एकाच बाजूचा जाऊ लागला. बावीस वर्षांच्या संसारानंतर आपल्याला साधं चालता येत नाही, हे कळून ती खुर्चीत हसत सुटली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आत्या मध्येच उभी राहिली. टोपीच्या तारा तिच्या कानांवरून लोंबत होत्या.

"धाकट्याला बोलवा," ती म्हणाली.

धाकटा म्हणजे तीन पोरांमधला शेवटचा. अकरा वर्षांत आत्याच्या तोंडून हा शब्द निघाला नव्हता.

अकरा वर्षांपूर्वी एका नाचाच्या शाळेसाठी कारखान्याने आजवरचा सगळ्यांत मोठा आरसा केला होता. सात फूट उंच, कडा आत्याने स्वतः घासलेल्या. तो उचलताना पुढे धाकटा होता, मागे मधली. रस्त्यापलीकडून धाकट्याला कोणीतरी हाक मारली आणि त्याने हात केला. बस, एवढंच. मधलीच्या हातात नुसती मागची चौकट उरली. आत्या तेव्हा म्हणाली होती, "ज्याचे हात हलतात त्याने इथे पाऊल ठेवायचं नाही." धाकट्याने ते शब्दशः घेतलं. तो गेला आणि एका शाळेत कवायत मास्तर झाला. ज्या घरात हात हलवल्याबद्दल हाकललं जातं, त्या घरातल्या माणसाने हात हलवायला शिकवण्याची नोकरी धरली. या गोष्टीवर घरात कोणी विनोद केला नाही, कारण तेवढी हिंमत कोणाची नव्हती.

"त्याचा नंबर आहे का कोणाकडे?" थोरल्याने विचारलं. उत्तर "नाही" येणार, अशा आवाजात.

मधलीने मान खाली घालून पर्स उघडली. तोवर वहिनीने फोन कानाला लावलाही होता.

"अगं, तुझ्याकडे?" थोरला म्हणाला.

"लागत नाहीये," वहिनी पुटपुटली.

"तो नको लावू, दुसरा लाव! शाळेच्या वेळात पहिला उचलत नाही तो..." थोरला बोलला आणि स्वतःच गप्प झाला.

अकरा वर्षांचा तो अबोला सगळ्यांनी मिळून पाळला होता आणि प्रत्येकाने एकट्याने मोडला होता. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मधलीला वाटलं, आपण एकटीच त्याच्याशी बोलतो या गुपितावर आपण किती वर्षं मोठेपणा मिरवला! आणि हे दोघं...

"म्हणजे," आत्या सावकाश म्हणाली, "मी एकटीच पाळत होते."

वहिनीने दुसरा नंबर लावला.

अकरा वाजून बावीस मिनिटांनी लॅबच्या दारात धाकटा उभा राहिला. गळ्यात शिट्टी, अंगाला घामाचा वास, काखेत कवायतीच्या दोन लांब काठ्या. वर्ग तसाच मैदानावर सोडून तो आला होता. बाहेरच्या गॅलरीतून येताना त्याचे हात असे झोकात हलत होते, की टोपीवालीने त्याला बघूनच "अगदी असंच!" म्हटलं. पण दारात तो थांबला, आणि दोन्ही हात आपोआप शिवणीला जाऊन चिकटले.

"आत येऊ का?"

आत्याने त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. पोट सुटलं होतं, कानाशी केस पांढरे झाले होते.

"हा माझा कारखाना नाही," ती म्हणाली. "ये."

मधलीने एका दमात त्याला सगळं सांगितलं. त्याने मान हलवली. "आमच्याकडे दरवर्षी दोन-तीन पोरं अशी असतात. उजवा पाय, उजवा हात. बोलून सुधारत नाहीत. सांगितलं की जास्तच चुकतात." त्याने आत्याकडे पाठ केली आणि दोन्ही काठ्यांची पुढची टोकं हातांत धरली. "आत्या, मागची टोकं तू धर. मी पुढे चालतो. माझे हात जातील तसे तुझे येतील. तू काही करू नकोस."

एक पुढे, एक मागे, मधे दोन काठ्या. मोठी काच अशीच नेतात. घरच्या पाचही जणांच्या ते लक्षात आलं आणि पाचही जणांनी लक्षात आलं नसल्याचं दाखवलं.

आत्याचा डावा हात काठी पकडेना. टोपीवालीने बँडेजची पट्टी दिली. मधलीने ती दुमडलेली बोटं एकेक करून उलगडली, काठीभोवती ठेवली आणि बांधली. चौदा रविवार धरलेला हात स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या काठीला बांधायचा, हे तिला जरा जड गेलं. गाठ तिने उगाचच दोनदा मारली.

"ताई, घट्ट नको. रक्त जायला हवं," धाकटा मागे न बघता म्हणाला.

"कळतंय मला."

ते चालले. धाकट्याच्या दंडाबरोबर काठ्या पुढे-मागे होऊ लागल्या, काठ्यांबरोबर आत्याचे हात. पहिल्या फेरीत ती दोनदा अडखळली. तिसऱ्या फेरीत उजव्या खांद्याची रेष उठली, बसली, पुन्हा उठली. पाचवीत तिच्यात ताल आला. "उजवा आला! उजवा आला!" टोपीवाली ओरडली. थोरला खुर्चीवरून उठून पडद्याच्या इतका जवळ गेला, की तिला त्याला बाजूला सारावं लागलं.

"आणि डावा? डावाही हलतोय की!" वहिनीने बोट दाखवलं.

"तो यांनी हलवलेला हात आहे," टोपीवाली धाकट्याकडे बघून म्हणाली. "मला आत्यांनी हलवलेला हवाय. आता काठ्या सोडा."

अकरा सदतीस. मधलीने पट्टी सोडली. धाकट्याने काठ्या भिंतीला लावल्या आणि आत्याच्या पुढे नुसता चालू लागला. आत्या त्याच्या हातांकडे बघत मागोमाग निघाली. उजवा हात हलत राहिला. डावा वर सरकला आणि पुन्हा छातीशी जाऊन बसला. पुन्हा काठ्या, पुन्हा पट्टी, पुन्हा पाच फेऱ्या, पुन्हा सोडलं. डावा हात छातीशी. अकरा एकोणपन्नास. बाहेर गॅलरीत कोणाच्या तरी चाकाच्या खुर्चीचा आवाज येऊन थांबला.

"पुढचे आले," वहिनी कुजबुजली.

टोपीवाली पडद्याकडे वाकली. "गंमत आहे. टोपीतली रेष किंचित उठतेय. हुकूम निघतोय. पण हात जणू... आवरून धरल्यासारखा."

धाकटा वळून उलटा चालायला लागला. त्यामुळे त्याला जे दिसलं ते इतक्या वेळात कोणी बघितलं नव्हतं, कारण सगळे पडदा बघत होते. "ताई," तो म्हणाला, "तू काय करतेयस?"

"मी? काहीच नाही. शिवलेही नाहीये."

"हात बघ तुझा."

मधलीने बघितलं. तिचा तळहात आत्याच्या डाव्या कोपराखाली, वीतभर अंतरावर, तासाभरापासून प्रत्येक फेरीत तसाच तरंगत होता.

"ती पडली तर?"

आत्या थांबली. टोपीच्या तारा सावरत ती मधलीकडे वळली. "तू असा हात धरलास ना," ती म्हणाली, "की मला वाटतं, मला कुठेतरी नेऊन बसवताहेत." तिने दम घेतला. "मी काच नाही गं."

हे वाक्य मधलीच्या वर्मी लागलं. पाच महिन्यांचा तक्ता, पाळ्या, भांडणं, जिंकलेले रविवार... ते सगळेजण मिळून आत्याला उचलून चालले होते. हात न हलवता, श्वास रोखून, कडा सांभाळत. त्यांना जे एकच काम उत्तम येत होतं, तेच त्यांनी केलं होतं. आणि काच जशी नेणाऱ्याच्या हातात स्थिर राहते, तशी आत्या त्यांच्या हातात स्थिर राहिली होती.

मधली मागे सरकली. भिंतीपाशी गेली. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून खुर्चीवर बसून तिने ते मांड्यांखाली दाबले.

"दादा, तूही पडद्यापासून लांब हो," धाकटा म्हणाला. "कोणी बघू नका तिच्याकडे."

तिघांनी जमिनीकडे बघितलं. त्यामुळे पुढचं सगळं मधलीला नुसतं ऐकू आलं. धाकट्याचे बूट. त्याच्या मागे आत्याची पावलं, एक स्वच्छ, एक घासत. एक स्वच्छ, एक घासत. पिवळ्या पट्टीपाशी वळण. पुन्हा पावलं. मधली मनात मोजत होती. एकोणीसपर्यंत आली आणि पुढे गेली.

"आला," टोपीवाली अगदी हळू म्हणाली. मग एकदम किंचाळली, "आला! आला! बघा!"

पडद्यावर डाव्या खांद्याच्या सपाट रेषेवर एक टेंगूळ होतं. टेंगूळही नव्हे, चटईखाली राहिलेल्या पेन्सिलीएवढा उंचवटा. पुढच्या पावलाला दुसरा, मग एक पाऊल रिकामं, मग तिसरा. त्याच्या वरच्या ओळीत, टोपीतून येणारी रेष त्याच वेळी उठत होती. मधलीने मान वर केली. आत्याचा डावा हात अजून कोपरात दुमडलेलाच होता, पण छातीपासून सुटला होता. बोटभर पुढे, बोटभर मागे, दारावरचा पडदा वाऱ्याने हलावा तितका.

थोरला तोंडावर रुमाल धरून वळला. "डोळ्यांत काहीतरी गेलं," तो म्हणाला. वहिनीने त्याच्या पाठीवर थाप मारली. तिचा पक्ष आता ठरला होता.

"तीन फेऱ्यांत तीन वेळा दिसलं पाहिजे, तरच धरते मी," टोपीवाली म्हणाली, पण तिचा चेहरा आधीच खुलला होता. दुसरी फेरी झाली. तिसरी झाली. बाराला चार मिनिटं असताना तिने यादीतल्या बाराव्या रिकाम्या ओळीत लिहिलं, आणि नाव विचारायच्या ऐवजी "आत्या" एवढंच लिहिलं.

"सोमवारी..." थोरल्याने सुरुवात केली.

"सोमवारी टेबल नाही, काचा हलवायच्या," आत्या म्हणाली. "गल्ली रुंद करा. हात हलवत जायचं म्हणजे जागा लागणार."

"किती रुंद?"

"याला मापाला घ्या." तिने धाकट्याकडे बोट केलं. धाकटा शिट्टीशी चाळा करत राहिला. 

"एक शेवटची फेरी," टोपीवाली म्हणाली. "सगळे मिळून चाला. घरात चालता तसं. मला नोंद हवी."

पुढे धाकटा, मग आत्या, मग थोरला, वहिनी आणि सगळ्यांत शेवटी मधली. तिच्या हातात काहीच नव्हतं. धरायला कोपर नव्हतं, पर्स खुर्चीवर होती. रिकामे हात दोन्ही बाजूंना नुसते होते, आणि पाचव्या-सहाव्या पावलाला तिच्या ध्यानात आलं की ते हलताहेत. आधी जरासे, मग चक्क. खांदे सुटले. तिला हसू आलं. तिने हात आणखी मोकळा सोडला, आणि तो मागच्या झोक्यात पडद्यांसमोरच्या टेबलाच्या कडेवरच्या पाण्याच्या ग्लासला लागला.

काच फुटल्याचा आवाज त्या घराला झोपेतही ओळखू येतो. सगळे जागच्या जागी थिजले. थोरल्याचे हात शिवणीला गेले. वहिनीने डोळे मिटले. सगळ्यांत पुढे असलेला धाकटा पांढरा पडला होता. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या रस्त्यावर तो पुन्हा उभा होता.

आत्याने मागे वळून बघितलं नाही.

"काय फुटलं?"

"ग्लास, आत्या," मधली म्हणाली. "माझ्या हाताने."

 आत्याचं तोंड मधलीकडे नव्हतं, समोर धाकट्याच्या पाठीकडे होतं.

"काच होती," ती म्हणाली. "फुटली."

मग तिने उजवा पाय टाकला. तिच्या डाव्या हाताने, कोणी न सांगता, बोटभर पुढे झेप घेतली.

"थांबलास कशाला?" ती धाकट्याला म्हणाली. "चल पुढे."